भंगार कोणाला म्हणता?

मी बोलतेय, पायाने चालवायची छपाईची मशीन. आवाज चढा वाटला तर वाटू दे. माझं पहिलं आयुष्य एका भांडखोर साप्ताहिकात गेलं. दर आठवड्याला कोणाची ना कोणाची झोप उडवायची, हेच माझं काम. साप्ताहिक बंद पडलं आणि एका नव्या जोडप्याने मला लग्नपत्रिका छापायला घरी आणलं. पुढच्या खोलीत मी, मागच्या खोलीत त्यांचा संसार.

"आता भांडणं बंद हं, आता फक्त लग्नं," बाई मला पुसत म्हणाल्या.

"लग्नात काय भांडणं कमी असतात?" मालक हसले.

खरंच होतं. "आमच्या काकांचं नाव मामांच्या खाली? काका काय रस्त्यावर पडलेत?" असं म्हणत गिऱ्हाइकं तणतणत. मालक निमूट शिशाच्या अक्षरांचे खिळे उचकटून नावं वरखाली करत. बाई शाई लावत, मालक पाय मारत आणि मी खटाखट नाचत असे. त्यांची मुलगी माझ्याच ठेक्यावर झोपायची.

मालकांचा हट्ट एकच: अक्षर कागदावर टेकावं, रुतू नये. पत्रिकेच्या मागे बोटाला उंचवटा लागला की ती थेट रद्दीत.

मग लोक फोनवरूनच आमंत्रणं धाडू लागले. वाचायचं कोणी? सगळे अंगठा दाखवून मोकळे! माझ्यावर आधी चादर पडली, मग इस्त्रीचे कपडे, मग मोडका पंखा. संताप व्हायचा, पण चाकच थांबलेलं, ओरडणार कशी?

शेवटी मालकांनी भंगारवाल्याला बोलावलं. तो दारात टेम्पो लावतोय, तोच मुलगी आडवी आली.

"बाबा, माझी पत्रिका तरी हिच्यावर छापू द्या. मग द्या हिला."

तिने जाडजूड कागद लावला, मागे पुठ्ठाही जास्तच घातला आणि दणकून पाय मारला. माझी अक्षरं कागदात खोल रुतली.

"अगं, खड्डे पाडलेस! टाक ती!" मालक ओरडले.

भंगारवाल्याने ती मधल्यामध्ये उचलली. नवरीच्या नावावरून अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला.

"मालक, नाव हाताला लागतंय हो! माझ्या पोरीचंही लग्न ठरलंय. अश्शीच पत्रिका पाहिजे."

"अहो, पण मशीन तर तुम्ही नेताय!"

"नेऊन काय करू? मला थोडंच छापता येतंय?"

बाई आतून ओरडल्या, "काकांचं नाव वर की मामांचं, ते आत्ताच सांगा!"

रिकामा टेम्पो परत गेला. त्या पत्रिका घरोघरी पोचल्या आणि लोक अंगठा फिरवत आमचा पत्ता विचारू लागले. आता लेक पाय मारते, जावई कागद कापतो. मालक आजही प्रत्येक पत्रिका मागून चाचपतात. उंचवटा लागला नाही, की थेट रद्दीत!

तेव्हा मंडळी, बोलवायचं तर हाताला लागेल असं बोलवा. आणि तो मोडका पंखा पुन्हा माझ्या डोक्यावर ठेवलात, तर गाठ माझ्याशी आहे.