स्थळ क्रमांक नऊ

डॅडच्या स्मरणसभेत वाचायचा मजकूर ममने एका वापरलेल्या पाकिटाच्या पाठीवर लिहिला होता. 'अल्बन ट्रेलोर. शास्त्रज्ञ आणि कुटुंबवत्सल गृहस्थ.' खाली दोन तारखा, आणि त्या दोहोंच्या मधली बारीकशी आडवी रेघ, जिच्यात एक्क्याऐंशी वर्षं निमूट आडवी पडलेली असतात.

क्लेमने, माझ्या थोरल्या भावाने, ते वाचलं. कानामागची पेन्सिल काढली. तो होड्या बांधणारा सुतार आहे, पेन्सिल त्याच्या कानामागेच उगवते. मग 'आणि'पासून पुढचे सगळे शब्द एका सरळ रेषेत खोडले.

"हे काय रे?" मम म्हणाली.

"त्याचाच नियम. पुरावा नसलेलं विधान अहवालात ठेवायचं नाही. शास्त्रज्ञ होता, याला एक्केचाळीस वह्या साक्षीला आहेत. पुढच्याला काय आहे?"

"मी आहे ना."

"तू पक्षपाती साक्षीदार. तू त्याच्याशी लग्न केलंयस."

"म्हणून तर सांगते. पक्षपात केला असता तर त्याच्या विरुद्ध केला असता."

आम्ही तिघंही हसलो. आमच्या घरात दुःखाला आधी हसून बसायला खुर्ची द्यायची पद्धत आहे. पण पेन्सिलीच्या टोकाने पाकिटाचा कागद जरासा फाटला होता, आणि तो फाटलेला भाग मम अंगठ्याने पुन्हापुन्हा सारखा करत राहिली.

"शनिवारी अकराला हॉलमध्ये तुला वाचायचंय हे," ती म्हणाली. अकराला, कारण आमच्या खोऱ्यात माणसाला निरोपही दुपारच्या धारांच्या आत द्यावा लागतो. गाई कुणासाठी थांबत नाहीत.

"पहिला अर्धा मी वाचतो. उरलेला थीआ वाचेल," तो माझ्याकडे पेन्सिल रोखत म्हणाला.

"एका माणसाला दोघांनी अर्धा अर्धा वाचायचा? मग सगळ्या हॉलला कळेल की त्याच्या मुलाला उरलेला अर्धा पटत नाही."

"नाही पटत, मम."

हे मात्र तो हसत म्हणाला नाही. मम उठली आणि उगाचच किटलीत पाणी भरू लागली, भरलेल्या किटलीत.

डॅडने सारं आयुष्य एका गांडुळाला दिलं होतं. म्हणजे एका जातीला. पण ऐकणाऱ्याला ते एकच वाटावं इतक्या जिव्हाळ्याने तो त्याच्याविषयी बोलायचा. ऑस्ट्रेलियातल्या आमच्या बास नदीच्या बाजूच्या ओल्या, निळसर चिकणमातीच्या उतारांवर राहणारं ते महागांडूळ, ताणलं तर माणसाच्या हाताहून लांब. ते क्वचितच वर येतं आणि फावड्याचा नुसता स्पर्श झाला तरी रक्त वाहून मरतं. म्हणून त्याला पाहायचं नसतं, ऐकायचं असतं. उतारावर तीनदा पाय आपटायचा, श्वास रोखायचा, मनात वीसपर्यंत मोजायचं. खाली कुणी असेल तर ते आपल्या पाण्याने भरलेल्या बिळात मागे सरकतं, आणि जमिनीच्या पोटातून गुडगुड ऐकू येते, जणू पृथ्वीने अर्धवट झोपेत कूस बदलावी. चाळीस वर्षांत डॅडने हे साऱ्या खोऱ्याला शिकवलं होतं. टपाल आणणारी बाई, दुधाच्या टँकरचा ड्रायव्हर, चर्चचे दोन पाद्री: प्रत्येक जण कधी ना कधी आमच्या कुरणात पाय आपटून, तोंड मिटून, बावळटासारखा उभा राहिलेला आहे.

प्रत्येक वेळेची नोंद वहीत. ऐकू आलं तर 'होय', नाही तर 'नाही'. आणि 'नाही' लिहायला आळस केलेला त्याला खपत नसे. "रिकामा रकाना म्हणजे निरीक्षक घरी झोपला होता," तो म्हणायचा. "'नाही' म्हणजे तो गेला, उभा राहिला, त्याने कान दिला. जमीन-अस्मानाचा फरक आहे." आमच्या शाळेच्या प्रगतिपुस्तकावर बाईंनी एक रकाना मोकळा सोडला होता, तेव्हा तो पावसातून चालत शाळेत गेला होता, बाईंना हा फरक समजावून सांगायला.

चुकाही तो तितक्याच निष्ठेने लिहायचा. एकदा कपडे धुवायच्या खोलीखालून त्याला गुडगुड ऐकू आली. घराखाली महागांडूळ! दोन दिवस खपून त्याने जमीन उकरली. वहीत त्या दिवसाची नोंद तीन शब्दांची आहे: 'चूक. सांडपाण्याची नळी.' ममने पुढचा आठवडाभर शेजारच्या लॉर्ना पिकरिंगकडे जाऊन कपडे धुतले आणि ज्याला त्याला सांगितलं, की माझा नवरा शोधाच्या अगदी उंबरठ्यावर आहे, फक्त उंबरठा आता शिल्लक नाही.

पलीकडच्या टेकडीवरचा व्हिक ओल्सेन गाय चिखलात बसली की गुरांच्या डॉक्टरऐवजी डॅडला फोन करायचा, कारण आमच्या फाटकावरच्या पाटीवर नावाआधी 'डॉ.' होतं. डॅड जायचा. गाईशेजारी उकिडवा बसायचा, तिच्याशी दोन शब्द बोलायचा आणि तिच्या बुडाखालच्या मातीचा नमुना घेऊन परत यायचा. गाय बहुधा स्वतःच्या बुद्धीने उठायची. व्हिक अजूनही शपथेवर सांगतो, की डॉक्टरच्या हाताला गुण होता.

असा तो माणूस. आणि घरी? रोज पहाटे धारांच्या वेळी तो बूट घालून मधल्या बोळातून जायचा, आणि आम्हा प्रत्येकाच्या दाराबाहेर थांबून तीनदा पाय आपटायचा. ठप, ठप, ठप. मग शांतता. ती आम्हाला उठवायची त्याची तऱ्हा आहे असं आम्ही समजत होतो. क्लेम बारा वर्षांचा होता तेव्हा त्याने उशाशी पाण्याचा पेला ठेवायला सुरुवात केली. ठपठप झाली की तो तोंडात घोट घेऊन पांघरुणातून जोरात गुडगुड करायचा. बाहेरून हसू ऐकू येत नसे. फक्त बूट पुढे सरकत.

त्याच वर्षी क्लेमने डॅडच्या शेडमध्ये घुसून तोवरच्या तिन्ही वह्या पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचल्या होत्या. स्वतःचं नाव शोधत. "एका अंड्याच्या कोषावर अडीच पानं," तो दर ख्रिसमसला जेवणाच्या टेबलावर सांगायचा, "कारण त्यातून एक पिल्लू निघायला वर्ष लागतं, म्हणून. मला नऊ महिने लागले, माझ्यावर अर्धी ओळ नाही." सगळे हसायचे, डॅडही. हत्याराच्या मुठीसारखा तो विनोद वर्षानुवर्षं हाताळून इतका गुळगुळीत झाला होता, की त्याला पुढे पातं आहे हे आम्ही विसरून गेलो होतो.

शुक्रवारी दुपारी मी वह्यांची यादी करत बसले. सोमवारी त्या शहरातल्या संग्रहालयाकडे जाणार होत्या आणि तिथल्या बाईंना प्रत्येक स्थळाची जागा नकाशावर हवी होती. स्थळ एक: ओढ्याचा काठ. स्थळ दोन: ओल्सेनचा उतार. आठापर्यंत सगळं जुळलं. नवाला नकाशावर ठिपकाच नव्हता. वहीत मात्र ते पहिल्या वर्षापासून शेवटच्यापर्यंत रोज होतं.

"मम, स्थळ नऊ कुठे आहे?"

ती स्कोनसाठी पीठ मळत होती. "काय लिहिलंय त्याने?"

"तीन ठिकाणं. नऊ-अ, नऊ-ब, नऊ-क. रहिवासी: प्रौढ मादी एक, पिल्लं दोन. पाणी: मुबलक. मातीचा प्रकार…" मी थांबले. "मातीचा प्रकार: सायप्रस लाकडाच्या फळ्या, सहा इंची. कोरडी."

क्लेम खिडकीशी उभा राहून हॉलमध्ये न्यायच्या बाकाचा मोडका पाय दुरुस्त करत होता. त्याचा पटाशीवरचा हात थांबला.

"सहा इंची?"

"सहा."

त्याने मान वळवून बोळाकडे पाहिलं. जमिनीवरच्या फळ्यांकडे. त्यांतल्या दोन त्याने स्वतः बदलल्या होत्या, मापं घेऊन.

"एका सुताराला हे कळायला चाळीस वर्षं लागली," मम पिठाकडे बघत म्हणाली. "होड्या तरंगतात ना रे तुझ्या?"

"तुला ठाऊक होतं?"

"मी प्रौढ मादी आहे, क्लेम. माझ्या दाराबाहेर पण तो उभा राहायचाच."

"मग सांगितलं का नाहीस? काल मी खोडत होतो तेव्हा तरी?"

"त्याने शपथ घातली होती. पाहणी चालू असताना जनावराला सांगायचं नाही, ते वागणं बदलतं. आणि नाव लिहायचं नाही. नाव दिलं की लळा लागतो, लळा लागला की मोजणी खोटी होते." तिने पीठ पालथं घातलं. "लळा लागू नये म्हणून एवढी काळजी घेणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. काही उपयोग झाला नाही बिचाऱ्याला."

क्लेमने हात पॅंटला पुसले आणि माझ्यासमोर बसला. मी त्याच्याकडे तिसरी वही सरकवली, तो बारा वर्षांचा असतानाची. हीच त्याने तेव्हा वाचली होती, नाव शोधत, आकड्यांवरून नजर उडवत. आता त्याचं जाड बोट रकान्यावरून हळूहळू खाली आलं.

'नऊ-अ: होय. (चहा मागितला.) नऊ-ब: गुडगुड. बनावट, पाण्याचा पेला. तरीही होय. नऊ-क: होय.'

दुसऱ्या दिवशी: 'नऊ-ब: गुडगुड. बनावट. तरीही होय.' आणि त्याच्या दुसऱ्या दिवशीही. पानंच्या पानं. कधी 'खोकला, ओला, छातीतला. दुपारी पुन्हा ऐकणे'. कधी 'नऊ-क रडते, कारण अज्ञात, निरीक्षक दाराबाहेर वीसऐवजी दोनशेपर्यंत मोजून थांबला'. ते कारण मला आजही सांगता येईल, पण ज्याने मोजलं त्याला नाही.

"पुढे बघ," क्लेम म्हणाला. "मी होबार्टला गेलो ते वर्ष."

मी बारावी वही उघडली. तो एकोणिसाव्या वर्षी घर सोडून गेला, त्याच्या दुसऱ्या सकाळी: 'नऊ-ब: नाही.'

त्याच्या पुढच्या सकाळी: 'नाही.'

आम्ही पाऊण तास पानं उलटत होतो. एकतीस वर्षं. मी शहरात गेल्यावर नऊ-कच्या पुढेही तेच. मधेच ख्रिसमसच्या आठवड्यांत दोन्हीकडे 'होय', त्यांची शाई जरा जाड. एका सप्टेंबरात: 'नऊ-ब: टेलिफोनवर. होय. मागे आणखी एक, नवं, फार मोठ्याने.' ती क्लेमची थोरली मुलगी. मग पुन्हा 'नाही'. शेवटची नोंद गेल्या महिन्याच्या चौदा तारखेची, अक्षर पावसात भिजल्यासारखं: 'नऊ-अ: होय. नऊ-ब: नाही. नऊ-क: नाही.' एकही रकाना रिकामा नव्हता. ओसाड दोन खोल्यांसमोर एक म्हातारा रोज बूट घालून उभा राहिला होता, वीसपर्यंत मोजत.

"मी विचारलं होतं एकदा," मम म्हणाली. "कुणासाठी आपटतोस रे, आत कुणी नाही. तर म्हणे, नॅन्स, ते मला ठाऊक आहे, पण वहीला ठाऊक नाही."

क्लेमने वही मिटली. तो बाकाकडे परत गेला आणि ठीक बसलेल्या पायाला बराच वेळ कानस घासत राहिला.

शनिवारी हॉल भरून गेला. बुटांवर चिखल, टेबलांवर लॅमिंग्टन केक, सॉसेज रोल, ममचे स्कोन. बाहेर यूट गाड्यांच्या उघड्या हौद्यांत कुत्री बसून राहिली. व्हिक ओल्सेन पहिल्या रांगेत, टाय लावून, गळफास लावल्यासारखा. क्लेम पुढे उभा राहिला. हातात तेच पाकीट. नवा कागद मी देऊ केला होता, त्याने घेतला नव्हता.

"अल्बन ट्रेलोर," त्याने वाचलं. "शास्त्रज्ञ…"

तो थांबला. मला दिसलं, की पेन्सिलीची रेघ त्या शब्दांवरून अजून जात होती. ममने माझा हात धरला. तिची नखं मला लागली.

"…आणि कुटुंबवत्सल गृहस्थ," क्लेम म्हणाला. "हे दुसरं मी खोडलं होतं. पुरावा मागितला होता. पुरावा तपासला. एकतीस वर्षं रोज एक." आणि मग त्याला पुढे वाचता आलं नाही, कारण पुढे नुसत्या तारखा होत्या.

त्या शांततेत व्हिक ओल्सेन उठला. त्याला काही बोलायचं असावं, पण तो गाईंमधला माणूस. शब्द त्याला दोहून काढावे लागतात. त्याने नुसता पाय आपटला. ठप, ठप, ठप. त्याच्यामागे लॉर्ना, टँकरचा ड्रायव्हर, टपालवाली, पाद्री. मग साऱ्या हॉलचे बूट एकदम, तीनदा. आणि मग सगळ्यांनी, कुणी न सांगता, श्वास रोखला. दीडशे माणसं मनात वीसपर्यंत मोजत होती. मी चौदापर्यंत पोचले होते.

स्वयंपाकघरात, चहाच्या बंबाने दीर्घ, खोल, गंभीर गुडगुड केली.

कुणी हसलं नाही. हसायचं की नाही ते कुणालाच ठरवता येईना. ममने नाक पुसलं.

"थीआ, लिहून ठेव," ती सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या हळू म्हणाली. "बनावट."

"तरीही होय," क्लेम म्हणाला.