सव्वा मूठ गहू

खिळा ठोकायचा नाही, ही घरमालकाची पहिली अट. म्हणून आमच्या भाईदासांचा फोटो सहा महिने फ्रिजवर टेकून उभा आहे. फ्रिज सुरू झाला की फोटो थरथरायचा आणि हळूहळू पुढे सरकायचा. दिवसातून दोनदा मी त्यांना मागे ढकलायचे. चाळीस वर्षं संसार केला, पण जिवंतपणी हा माणूस माझ्यासाठी एवढा कधी हलला नव्हता.

बमरोलीचं घर आम्ही माघात विकलं. भाईदासांनी लूमवर बारा-बारा तास उभं राहून बांधलेलं घर. भिंतीपलीकडे कारखाना, दिवसभर खटाखट. विकायला मी आडवी आले नाही, कारण मुलगा म्हणत होता ते खरंच होतं. गल्लीत रिक्षा शिरत नव्हती आणि माझे गुडघे त्या उभ्या जिन्याला हात जोडत होते. डिंडोलीत लिफ्टवाला फ्लॅट घेतला. बिल्डर म्हणाला, आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला चावी देतो. आखाजी गेली. मग म्हणाला, दिवाळीनंतर. तोवर कोसाडला तिसऱ्या मजल्यावर भाड्याची ही एक खोली. लिफ्ट नाही.

या 'तोवर'ने आमच्या घराचे तीन तुकडे केले. माझा मुलगा हेमराज पलसाण्याला कापड रंगवायच्या कारखान्यात आहे. कोसाड शहराच्या एका टोकाला, पलसाणा दुसऱ्या. रोजचं येणं-जाणं झेपेना, मग तो आठवडाभर तिकडेच कारखान्याच्या खोलीवर झोपायला लागला. सून गायत्री माझ्या नातवाला, लखनला घेऊन उधन्याला आईकडे गेली, कारण शाळा तिथून जवळ. राहिलं सामान. दोन कपाटं, भिंतीला उभा केलेला पलंग आणि अकरा खोकी. "सामानाजवळ कुणीतरी हवं ना, आई," गायत्री म्हणाली. ते कुणीतरी म्हणजे मी, मालतीबाई.

सुरुवातीला दर रविवारी तिघं यायचे. मग एक रविवार सोडून. मग फोन यायचा. जेवलीस का, औषध घेतलंस का, आणि पाण्याची मोटर बंद केलीस का. मी हो म्हणायचे. मोटर घरमालक चालू-बंद करतो, हे मी एकदाही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तो प्रश्नही गेला असता; तेवढंच दोन शब्द जास्त बोलणं.

नव्या फ्लॅटचा नकाशा हेमराजने मला मोबाइलवर दाखवला होता. दोन खोल्या आणि हॉल. एक खोली त्या दोघांची. दुसरीवर गायत्रीने बोट ठेवलं आणि म्हणाली, "इथे लखनचं टेबल." माझी जागा कुठली ते मी विचारलं नाही, कुणी सांगितलंही नाही. दुपारी त्या अकरा खोक्यांकडे बघत बसले की वाटायचं, आपण नव्या घरात सामानाबरोबर जाणार, आणि सामान कुठे ठेवायचं ते दुसरे ठरवणार. भीती वाटायची मला. लपवायचं कशाला?

अशात श्रावण लागला.

आम्हा खानदेशी लोकांच्या घरी नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई देवी बसते. नारळालाच डोळे काढायचे, नथ घालायची, दागिने चढवायचे. तिच्या नैवेद्याचे रोट म्हणजे पुरणाच्या पोळ्या, पण त्यांचे गहू मोजून घ्यायचे. आदल्या दिवशी घरातल्या प्रत्येक माणसाच्या नावाने सव्वा मूठ. नाव घ्यायचं, मूठ धरायची आणि ताटात सोडायची. ते रोट घरच्यांनीच खायचे. शेजारी कितीही जिवाभावाचा असो, त्याला घासभर देता येत नाही.

माझी सासू सांगायची, माणूस कुठेही असो, त्याची मूठ घरात धरायची. भाईदास एकदा वर्षभर अंकलेश्वरला कामाला होते, तरी तिने त्यांची मूठ धरली. आणि धाकट्या दिराशी, चिंधाशी भांडण झालं, तेव्हा तिने तोंडातून एक शब्द काढला नाही. श्रावण आला तेव्हा फक्त त्याची मूठ धरली नाही. चिंधा ताटाकडे बघत राहिला. दिवाळीच्या आत त्याने दुसरी खोली बघितली. त्याला आमच्याकडे वायला निघणं म्हणतात. वायला म्हणजे वेगळा. आमच्यात घर वेगळं होतं ते आधी गव्हाच्या ताटात होतं.

हे सगळं मला ठाऊक होतं. म्हणून पुढचं सांगताना मला माझीच लाज वाटते.

गुरुवारी हेमराजचा फोन आला. "माय, औंदा काही जमस नही. मनी डबल पाळी शे. कारागीर गावाला गेलेत." मी म्हटलं, गायत्रीला दे. तिला त्याने दुसऱ्या फोनवरून जोडून घेतलं. ती तिच्या गुजराती मिसळलेल्या बोलीत म्हणाली, "आई, सोमवारी लखनची टेस्ट आहे. या वर्षी छोटीशी बसवा ने. चालशे. पुढच्या वर्षी आपल्या घरात मोठी करू."

छोटीशी म्हणे. देवी काय मापाने येते? आणि 'आपल्या घरात' म्हणजे कुणाच्या? मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला. नुसता ठेवला नाही, बंद केला आणि पिठाच्या डब्यामागे सारला. म्हटलं, लावू दे फोन, बसू दे काळजी करत. एवढी साठीची बाई, पण रुसून बसले पोरीसारखी.

शनिवारी आंघोळ करून पाटावर ताट ठेवलं, गव्हाचा डबा उघडला. पहिली मूठ नेहमी हेमराजची असते. हात डब्यात गेला आणि थांबला. डोक्यात एकच चाललं होतं. येत नाहीत ना? यांना माझ्या देवीसाठी अर्धा दिवस नाही ना? मग मीच कशाला नावं घेत बसू? मी हात वर घेतला, परत घातला आणि स्वतःचं नाव घेतलं. मालती. सव्वा मूठ. डब्याचं झाकण लावलं.

ताटात एवढेसे गहू. बघून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? कुणाला तरी जोरात उत्तर दिल्यासारखं वाटलं. ऐकायला मात्र कुणी नव्हतं.

खालच्या मजल्यावर शिरपूरची सुषमा राहते. तिच्याकडे घरघंटी आहे, म्हणून दळायला तिच्याकडे गेले. तिने वाटीत डोकावून बघितलं. "बाई, इतलाच?"

"एकली माणूस, इतलाच," मी म्हटलं.

तिचं स्वतःचं ताट भरलेलं होतं, चौदा माणसांचं. तिने माझे गहू आधी दळून दिले. घंटी नीट सुरू होईपर्यंत दळण संपलंही.

रविवारी मी कानबाई बसवली. खोक्यातून पितळेचा कलश शोधायला तास गेला. दोन खोकी एकावर एक ठेवून त्यावर पीतांबर टाकलं, नारळाला काजळाने डोळे काढले. त्या पिठाच्या दोन पोळ्या झाल्या. नैवेद्य दाखवला, आरती म्हटली. एकट्याने आरती म्हणताना टाळ्या कधी वाजवायच्या आणि ताट कधी धरायचं, काही कळत नाही. खालून सुषमाकडची गाणी वर येत होती.

दुपारी दीडला दार वाजलं.

दारात हेमराज. एका खांद्यावर गंगाफळ, म्हणजे नैवेद्याच्या भाजीचा लाल भोपळा, आणि दुसऱ्या हाताला लखन. मागे गायत्री, नवी साडी, केसात गजरा. तिघंही घामाने निथळत होते.

"कालपासून लावतोय, तुना फोन बंद शे," हेमराज म्हणाला. "जीव घाबरा झाला आमचा. पाळी बदलून घेतली."

"आणि टेस्ट?" मी विचारलं.

"राहू दे टेस्ट," गायत्री म्हणाली. "कालपासून हा माझ्यामागे लागलाय, आजी डोळे कोण काढशे, डोळे कोण काढशे."

दर वर्षी नारळाचा डावा डोळा लखन काढतो. मी विसरले नव्हते. मी दोन्ही काढून टाकले होते.

गायत्रीने पदर खोचला आणि ओट्याकडे गेली. "आई, तुम्ही बसा. मी पानं घेते. हेमराजने तर सकाळपासून काही खाल्लं नाही, रोट खाऊनच उपास सोडणार म्हणाला." ताटल्या काढल्याचा आवाज आला. मग पोळ्यांच्या डब्याचं झाकण उघडल्याचा. मग काहीच आवाज आला नाही.

मी खोलीच्या मधोमध उभी होते. सांगायला हवं होतं. उंदराने खाल्लं, सांडलं, काहीही.

हेमराज उठून ओट्याकडे गेला. लखन त्याच्या मागे गेला, डब्यात बघून शाळेतल्या गुजरातीत म्हणाला, "आजी, मारो रोट क्यां छे?" त्याचा रोट कुठे, ते विचारत होता.

गायत्रीच आधी सावरली. गुणाची आहे ती, तेव्हा कबूल करायला मला जड गेलं एवढंच. "धरायच्या राहिल्या असतील मुठी. आता धरू की. खाली घरघंटी आहे ना कुणाकडे?"

"देवी बसल्यावर मूठ धरत नाहीत," मी म्हटलं. हे मात्र तोंडातून लगेच निघालं. सासूचा नियम. आयुष्यभर पाळला, त्या दिवशीही पाळला.

हेमराजने चिंधाकाकाचं ताट बघितलं होतं. तेव्हा तो लखनएवढाच होता. त्याने डबा खाली ठेवला, माझ्याकडे वळला. रागावला असता तर मी पण रागावले असते आणि सगळं निभावून गेलं असतं. पण तो रागावला नाही. हळू आवाजात म्हणाला, "माय, तू वायली निंघनी का?"

सहा महिन्यांची उत्तरं माझ्याकडे तयार होती. टेबल, मोटर, खोकी, सगळी. मी नाही म्हणून मान हलवली, पण डबा तर समोरच होता.

मी एका पोळीचे चार तुकडे केले. लखनने त्याचा तुकडा खाल्ला. गायत्रीने घेतला आणि कपाळाला लावून हातात धरून ठेवला. हेमराजपुढे मी ताटली केली, त्याने ती हलकेच मागे सरकवली. "मनी मूठ नही त्यामा," म्हणाला. बरोबरच होतं. मीच त्याला लहानपणापासून शिकवलं होतं.

मग गायत्रीने खिचडी टाकली. गंगाफळाची भाजी केली. आम्ही चौघं खोक्यांच्या मधल्या जागेत बसून जेवलो. हेमराजने माझ्या औषधाच्या पट्ट्या बघितल्या, गॅसची नळी तपासली, भाईदासांचा फोटो मागे सरकवला आणि त्याखाली रबराचा तुकडा लावला. लखनने काजळाच्या डबीत बोट घालून नारळाच्या गालावर एक ठिपका काढला. पाच वाजता ते निघाले, गायत्रीने वाकून नमस्कार केला. जिन्यावरून लखनचं बोलणं बराच वेळ ऐकू येत होतं. मग खालचं फाटक वाजलं.

मी दार लावलं आणि गव्हाचा डबा उघडला. हेमराज म्हटलं, सव्वा मूठ ताटात. गायत्री, सव्वा मूठ. लखन, सव्वा मूठ. तीन छोटे ढीग. आता त्याचा काही उपयोग नव्हता, देवी माझ्याकडे बघत बसली होती. ते गहू परत डब्यात ओतायला हात होईना, म्हणून ताट तसंच कपाटावर ठेवून दिलं. खूप रडले मग. सुषमाकडे गाणी चालू होती, कुणाला ऐकू गेलं नसेल.

सोमवारी सुषमाच्या घरच्यांबरोबर तापीवर जाऊन विसर्जन करून आले. दुसरी पोळी दोन दिवस पुरवून खाल्ली. एकटीचा रोट, संपायला वेळ लागत नाही.

बुधवारी हेमराजचा फोन आला. जेवलीस का, औषध घेतलंस का. या वेळी मी मोटरपर्यंत थांबले नाही. "मी चुकले, हेमराज," म्हटलं. जन्मात पहिल्यांदा पोटच्या पोराला असं म्हणत होते.

तिकडून कारखान्याचा आवाज येत राहिला. मग तो म्हणाला, "राहू दे, माय. तुला तरी किती दगदग. पुढला साल मुठी गायत्री धरी."

आवाजात राग नव्हता. मायेनेच म्हणाला असेल. नवीन घर, नवीन ओटा, पाटावर सून बसणार, गव्हाचा डबा तिच्या पुढ्यात. एकेक नाव घेईल आणि मूठ ताटात सोडेल.

"बरं," मी म्हटलं.

किती मुठी, ते विचारलं नाही.