भिंतीतलं पाणी

दुपारी वसतिगृह सुस्तावलं की नालोंगोला भिंतीत पाणी ऐकू यायचं. जिन्याच्या पायरीवर ती डोळे मिटून बसायची आणि टाकीतलं पाणी नळांतून हळूहळू चढू लागायचं, मुलींच्या उशांमागून झुळझुळत थेट तिसऱ्या मजल्यापर्यंत. डोळे उघडले की पायाशी पिवळे कॅन उभेच. पंप बिघडल्यापासून वरचे नळ ठणठणीत कोरडे होते, आणि रोज पहाटे वर पाणी नेत होती ती नालोंगोच. एखादी मुलगी कॅनला हात लावायला आली की ती खेकसायची, "पुस्तकं उचल आधी!"

जुळ्यांची आई म्हणून सगळे तिला नालोंगो म्हणत. वसतिगृहाची देखरेख करणारी ती नाताळात निवृत्त होऊन गावी जाणार होती. आपल्यामागे या पोरींना पाणी कोण देणार, याचा तिला घोर लागला होता. नवा पंप एकच आला होता, आणि देखभाल विभागाने मुलामुलींकडून लिहून घेतलेल्या सर्वेक्षणात जे वसतिगृह सर्वांत नाराज दिसेल त्यालाच तो मिळायचा होता.

एका सकाळी देखभाल विभागाचा कावूया आला.

"रात्री झोप लागली का, नालोंगो?"

"लागली रे बाबा. घरचे कसे आहेत?"

"बरे आहेत. केळी कशी आहे यंदा?"

केळी झाली, गाई झाल्या, पाऊस झाला, त्याच्या सासूचा गुडघा झाला. गडी काही मुद्द्यावर येईना.

"बोल की आता! का सासूचा दुसरा गुडघा राहिलाय?"

"पंप बहुतेक मुलांच्या वसतिगृहाला जाणार," तो खाली बघत म्हणाला. "तुमच्या पोरींनी सगळीकडे 'उत्तम' लिहिलंय. पाणीपुरवठा, उत्तम!"

नालोंगो तरातरा तिसऱ्या मजल्यावर गेली. बिरुंगी नावाची मुलगी दारातच गुडघे टेकून तिला नमस्कार करू लागली.

"नमस्कार राहू दे. खोटं का लिहिलंस?"

"तुम्ही पाणी वाहून आणायचं आणि आम्ही तोंड वर करून तक्रार करायची? आमची आई मला घरात घेणार नाही."

पोरीचं काही चुकलं नव्हतं. इथे रस्ता झाडणाऱ्यालासुद्धा आधी 'छान काम करताय' म्हणायचं आणि मग पुढे जायचं. आल्या आल्या कुरकुर करणारा माणूस म्हणजे बिनसंस्काराचा.

मागोमाग वर आलेल्या कावूयाला हे ऐकून हसू फुटलं. "मला एक वाईट बातमी सांगायला सासूच्या गुडघ्यापर्यंत जावं लागलं. आमच्या सर्वेक्षणाच्या कागदाने तर साधा नमस्कारही केला नव्हता."

मग नवा कागद निघाला. पहिल्या पानावर चौकशी: कशी आहेस, घरी सगळे बरे ना, कुणाचे आभार मानायचेत? पान उलटलं की विचारलेलं: आता सांग, काय खुपतंय?

आठवड्याने कावूया भरलेल्या कागदांचा गठ्ठा घेऊन आला. मुलींच्या ओल्या कपड्यांवर ऊन डुलत होतं, आणि नालोंगो नेहमीसारखी भिंतीला कान लावून बसली होती.

"पहिल्या पानावर एकूण एक पोरीने तुमचे आभार मानलेत."

"आणि मागे?"

"मागे सगळ्यांची तक्रार एकच. पण पाण्याचं नाव कुणीच घेतलेलं नाही."

त्याने घसा साफ केला आणि बिरुंगीचा कागद वाचला.

"'पहाटे जिन्यावर नालोंगोचा श्वास ऐकू येतो. प्रत्येक वळणावर ती थांबते. आम्ही अंथरुणात जाग्या असतो. दार उघडलं तर ती ओरडेल आणि तिला वाईटही वाटेल, म्हणून पडून राहतो. आम्हाला हे ऐकवत नाही. कृपा करून हे थांबवा.'"

"पंप सोमवारी इथेच बसतोय," कावूया म्हणाला.

नालोंगोने आपल्या पायांकडे पाहिलं. पोरींची झोप मोडू नये म्हणून ती रोज पहाटे अनवाणी चढत होती.