हरवलेला सैनिक

"काकू, ही बाटली तुम्हीच भरली होती ना?" सूक्ष्मदर्शकावरून मान वर न करता नव्या मॅडमनी विचारलं. सव्वीस वर्षं काकूंना ज्याची धास्ती होती तेच आज पुढ्यात आलं होतं, आणि तेही नोकरीच्या शेवटच्या आठवड्यात.

संग्रहालयाच्या कीटक विभागात काकूंचं काम एवढंच, वाळवीच्या बाटल्यांत स्पिरिट भरायचं आणि आत बारीक अक्षरातली चिठ्ठी सोडायची. तेव्हाच्या विभागप्रमुख सरांनी त्यांना ते हाताला धरून शिकवलं होतं. वाळवीची जात ओळखायची ती सैनिकाच्या, म्हणजे वारूळ राखणाऱ्या वाळवीच्या, डोक्यावरून. कुणाचा जबडा विळ्यासारखा, तर कुणाच्या कपाळाला सोंड. कामकरी मेले सगळे सारखेच! काय दिवस होते ते. सर नवं वारूळ खणून आले की चहा निवून जायचा आणि दोघं आळीपाळीनं भिंगाला डोळा लावून बसायची.

एकदा मात्र टेकडीवरच्या मातीतून आणलेल्या वाळवीत सैनिक काही सापडेना. बाटली बदलताना काकूंनीच तो सांडला असणार, असं सरांनी ठरवून टाकलं. चिठ्ठीवर लिहिलंसुद्धा, 'सैनिक मदतनिसाच्या हातून गहाळ.' पुन्हा आणावी, तर रस्त्यासाठी टेकडीच सपाट झालेली. काकूंनी ते खरंच मानलं. सर चुकतील कसे? त्या दिवसापासून त्या प्रत्येक बाटलीतले किडे दोनदा मोजू लागल्या. सर गेले तेव्हाही त्यांना आधी तीच बाटली आठवली आणि मग रडू आवरेना.

खालमानेनं काकूंनी हो म्हटलं.

मॅडमनी उठून त्यांना आपल्या खुर्चीत बसवलं. भिंगाखाली एका कामकऱ्याचं पोट उघडून ठेवलं होतं. या गटात सैनिक जन्मालाच येत नाहीत, मॅडम सांगत होत्या. यांच्या जाती ओळखायच्या त्या आतड्याच्या वळणांवरून. तेव्हा आपल्याकडे हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

"तुमच्या हातून काहीच हरवलं नव्हतं, काकू. फाडून टाका ती चिठ्ठी."

काकूंनी पदरानं डोळे टिपले. आज सर हवे होते, हाताला धरून या खुर्चीत बसवलं असतं त्यांना.

"जुनी चिठ्ठी काढायची नसते, मॅडम," त्या म्हणाल्या. "सरांचा नियम आहे."

नेहमीच्याच बारीक अक्षरात त्यांनी लिहिलं, 'सैनिक नसतात.' चिठ्ठी सरांच्या चिठ्ठीशेजारी सोडली, स्पिरिट काठोकाठ भरलं, बूच घट्ट लावलं. मग ती बाटली त्यांनी मागच्या रांगेऐवजी पुढच्या रांगेत ठेवली.