काळ्या पुस्तकातलं सातवं नाव

आधीच सांगून टाकतो, चूक माझी होती. आमच्या शाळेत चूक कबूल करायची तर चॅपेलमध्ये फादरसमोरच्या लाकडी जाळीपुढे गुडघे टेकावे लागतात. माझे गुडघे आता वाकत नाहीत, म्हणून इथेच सांगतो.

मी शाळेचा हेडक्लार्क होतो. एकाच टेबलावर चाळीस वर्षं काढली. शिक्का मारल्याशिवाय कागद जागचा हलू देत नव्हतो, म्हणून पोरं मला शिक्का म्हणतात. तोंडावर शिक्काकाका, पाठीमागे नुसतंच शिक्का. मी याच शाळेत शिकलोय आणि माझ्या काळात मास्तरांना याहून वाईट नावं ठेवलीत, त्यामुळे रागावत नाही. म्हणजे फार रागावत नाही.

आमची शाळा नुसती मुलांची. सुरू झाली तेव्हा तीन फादर, सतरा पोरं आणि भाड्याच्या गोदामाचा अर्धा भाग एवढाच पसारा होता. दुसऱ्या वर्षी साथ आली आणि वरच्या वर्गातला एक मुलगा गेला. दुसऱ्या दिवशी हजेरी घेताना मास्तरांनी सवयीने त्याचंही नाव वाचलं. वाचलं आणि जीभच चावली. पण तोवर सगळा वर्ग उभा राहून एका आवाजात ‘हजर’ म्हणाला होता. तेव्हापासून शाळेच्या वाढदिवशी सभागृहात ही हजेरी होते. वर्षभरात वारलेल्या माजी विद्यार्थ्यांची नावं रेक्टर, म्हणजे शाळेचे मुख्य फादर, काळ्या पुठ्ठ्याच्या पुस्तकातून वाचतात. ज्याचं नाव वाचलं त्याच्या तुकडीतले जे कोणी आलेले असतील ते उभे राहतात आणि त्याच्या वतीने ‘हजर’ म्हणतात. तुकडीतलं कोणीच नसेल तर हेडक्लार्कने उठून म्हणायचं. नाव वाचलं आणि उत्तर आलं नाही, असं कधी झालेलं नाही. आणि त्या पुस्तकात एकदा लिहिलेलं नाव खोडायचं नाही, हा पहिल्या रेक्टरांचा नियम.

पुस्तक माझ्या कपाटात असायचं. नावं मीच चढवायचो.

आता माझ्या भाच्याचं. शाळेत त्याला भोवरा म्हणायचे, कारण एका जागी बसणं त्याच्या रक्तातच नव्हतं. त्याचे वडील लवकर गेले. ताईने, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीने, शिवणयंत्रावर कपडे शिवून त्याला वाढवलं. माझं लग्न झालं नाही, त्यामुळे माझं रात्रीचं ताट तिच्याकडेच. भोवरा शिकून जहाजाच्या इंजिनखोलीत लागला, तेव्हा कंपनीच्या फॉर्मवर त्याने पत्ता माझ्या ऑफिसचा दिला. म्हणाला, “मामा, काही बरंवाईट पत्र आलं तर आधी तू वाच. आईच्या हातात एकदम पडू देऊ नकोस.” मी त्याला म्हटलं, “तोंड सांभाळ, काय वाट्टेल ते बोलतोस.”

मी सांगतोय त्या वाढदिवसाच्या आठ महिने आधी ते जहाज वादळात बुडालं. जीव वाचवायला खाली सोडलेल्या तीन होड्यांपैकी दोन सापडल्या. तिसरी सापडली नाही, आणि भोवरा तिसरीत होता. ताई रोज एकच बोलायची, “होडी आहे ना? मग लागेल कुठेतरी.” मी मान डोलवायचो आणि आमटी वाढून घ्यायचो. खरं सांगायचं तर मी मनातून आशा सोडली होती. पण तिच्यासमोर ते बोलायची माझी छाती नव्हती.

वाढदिवसाच्या तीन आठवडे आधी एका टपालात दोन पत्रं आली. एक कुणा माजी विद्यार्थ्याच्या मुलाचं, वडील वारल्याचं. मी पुस्तक उघडलं, नाव चढवलं, शिक्का मारला. पेन हातातच होतं. दुसरं पत्र फोडलं. जहाज कंपनीचं होतं. वर भोवऱ्याचं नाव आणि खाली एक ओळ, ‘शोधमोहीम बंद करण्यात येत आहे.’ एवढं वाचेपर्यंत माझ्या हाताने काम करून टाकलं होतं. वर्ष, तुकडी, पूर्ण नाव. वर शिक्कासुद्धा. चाळीस वर्षांची सवय, हात डोक्याला विचारत नाही. मग डोळे त्या नावावर गेले. पत्रात ‘मेला’ असं कुठेच नव्हतं. ते मी लिहिलं होतं. सख्ख्या मामाने.

ते पत्र खणात ठेवलं आणि कुलूप लावलं. आज सांगू, उद्या सांगू असं करत एकवीस दिवस तिच्याकडे जेवलो. मनाशी म्हणायचो, ती कुठे त्या हजेरीला येते? कधीच आलेली नाही.

पण त्या वर्षी शाळेला पंच्याहत्तर वर्षं झाली. सभागृहाला नवा मखमली पडदा हवा होता, तो शिवला ताईने, आणि रेक्टरांनी तिला मानाने पहिल्या रांगेत बसायचं आमंत्रण दिलं. ते मला कळलं आदल्या संध्याकाळी, तिच्याच तोंडून, तिची ठेवणीतली साडी इस्त्रीखाली होती तेव्हा.

सकाळी साडेनऊला मी रेक्टरांच्या खोलीत. तेव्हाच्या रेक्टरांना पोरं तोफ म्हणायची. आवाजच तसा. मी सगळं सांगितलं. ते पांढऱ्या झग्याच्या बाह्या सारख्या करत ऐकत होते, ते थांबले.

“तीन आठवडे?” ते म्हणाले.

“फादर, तेवढं एक नाव वगळा. हात जोडतो.”

“खोडता येणार नाही. न वाचताही पान उलटता येणार नाही. माझ्या आधीच्या नऊ जणांनी वाचलेलं आहे, आवडतं-नावडतं न बघता. एकाने तर स्वतःच्या भावाचं वाचलं.”

“पण तो मेलेला नाही! म्हणजे... कुणाला माहीत आहे?”

“हेच तुम्ही तिला तीन आठवड्यांपूर्वी सांगायचं होतं.” मग तोफ जरा खाली आली. “दहाला सुरुवात आहे. अजून वेळ आहे. आत्ता जा आणि तिला सांगा. ती नको म्हणाली, तर मी पुस्तक उघडणारच नाही. पंच्याहत्तर वर्षांची प्रथा गेली खड्ड्यात. पण निर्णय तिचा. तुमचाही नाही, माझाही नाही.”

माणूस भला, पण मला त्या क्षणी त्याचा संताप आला. कारण त्याने मला पळायला जागा ठेवली नव्हती.

ताई रंगमंचावर होती. पडद्याच्या खालच्या शिवणीत एक टाका निसटला होता, तो खाली बसून घालत होती. तोंडात टाचण्या, चेहऱ्यावर आठ महिन्यांत न पाहिलेलं हसू. “बघ रे, कसा पडतो!” ती म्हणाली आणि दोरी ओढली. पडदा सरसर सरकला. “भोवऱ्याला फोटो काढून ठेव. आल्यावर दाखवू. म्हणेल, आईने शाळा झाकली.”

“ताई...”

“काय रे? चेहरा का असा? आणि हे कोटाचं बटण लोंबतंय, पहिल्या रांगेपुढे असा हिंडणार आहेस? दे काढून.”

मी कोट काढून दिला. समोर दहा मिनिटं होती, मग आठ, मग पोरांच्या रांगा आत यायला लागल्या आणि ती सुई-दोरा पिशवीत टाकून माझा कोट मांडीवर घेऊन पहिल्या रांगेत जाऊन बसली. भ्याड माणूस कसा दिसतो हे पाहायचं असेल तर त्या वेळी मला पाहायला हवं होतं. नुसत्या शर्टावर, हातात काहीच नाही, आणि घाम पाठीवरून खाली.

रेक्टरांनी वरून माझ्याकडे पाहिलं. भुवया उंचावल्या, म्हणजे विचारलं. आणि मी, देव मला क्षमा करो, मान हलवली. सांगितलं अशी.

प्रार्थना झाली. पुस्तक उघडलं. जुन्यापासून नव्याकडे असा क्रम असतो. पहिलं नाव फार जुन्या तुकडीचं, त्यांच्यातले दोघेच उरलेले. एक काठीवर, दुसरा त्याच्या खांद्यावर, दोघं उभे राहिले. “हजर.” दुसरं. “हजर.” तिसऱ्या नावाला कोणी नव्हतं. मी उठलो. “हजर.” आवाज बरा आला. ताई मागे वळून माझ्याकडे कौतुकाने बघत होती. तिने हे कधी पाहिलं नव्हतं.

चौथं. पाचवं. पाचव्याच्या विधवेने तोंडाला पदर लावला आणि ताईने हात लांबवून तिच्या पाठीवर ठेवला. सहावं नाव त्या वडील वारलेल्या पत्रातलं. मला वाटलं, आता उठावं आणि ओरडावं. उठलो नाही. तोफेने पान नीट केलं आणि माझ्या भाच्याचं शाळेतलं पूर्ण नाव वाचलं.

शेवटून दुसऱ्या रांगेत त्याच्या तुकडीची पाच पोरं होती, आता बाप्ये झालेली. ती अर्धवट उठली, एकमेकांकडे पाहिलं, आणि एकाच्याही तोंडून शब्द निघेना. त्यांना बातमीच नव्हती. त्यांनी ताईला पहिल्या रांगेत बसलेलं पाहिलं होतं, हसताना पाहिलं होतं.

ताई रेक्टरांकडे पाहत नव्हती. ती पूर्ण वळून माझ्याकडे पाहत होती. मांडीवर माझा कोट, सुई त्यात तशीच खोचलेली. तिला कळायला दोन क्षण लागले. पुस्तक कोणाच्या कपाटात असतं, अक्षर कोणाचं असतं, हे तिला माहीत होतं. ती रडली नाही. नुसतं बघत राहिली आणि तिची मान नकारार्थी हलायला लागली, बारीकशी, न थांबता.

उत्तर आलं नाही की हेडक्लार्कने उठायचं. सहाशे माणसं माझी वाट पाहत होती. मी उभा राहिलो. ‘हजर’ म्हटलं असतं तर प्रथा वाचली असती आणि माझ्या बहिणीच्या पोराला मी दुसऱ्यांदा मारलं असतं, ह्या वेळी तिच्या डोळ्यांदेखत. तोंड उघडलं आणि मोठ्याने म्हणालो,

“गैरहजर.”

मागे कुजबुज उठली. तोफेने पुस्तकावरून डोळे वर केले आणि माझ्याकडे पाहिलं, मग ताईकडे. मी सांगितलेलं नव्हतं हे त्यांना तिथे कळलं. वाटलं, आता आभाळ कोसळणार. त्यांनी खिशातून पेन काढलं, नावापुढे काहीतरी लिहिलं आणि शांतपणे म्हणाले, “हजेरीचा नियम सगळ्यांना माहीत आहे. जो गैरहजर असतो त्याचं नाव पुढच्या वेळी पुन्हा घ्यायचं असतं.” आणि पुस्तक मिटलं.

सभागृह रिकामं झाल्यावर ताई तशीच बसून होती. मी जवळ गेलो.

“पत्र कुठे आहे?” ती म्हणाली.

खणातून आणून दिलं. तिने ते हातात घेतलं नाही. “वाच.” मी वाचलं. तिने पुन्हा वाचायला लावलं.

“ह्यात तो गेला असं कुठे आहे?”

“नाही, ताई.”

“मग तू का लिहिलंस?”

“हाताला सवय... मी...”

“किती दिवस झाले?”

“तीन आठवडे.”

“तीन आठवडे तू माझ्या हातचं जेवलास,” ती म्हणाली. “मी रोज विचारायचे, काही आलं का रे? तू म्हणायचास, आणखी थोडा भात वाढ.”

मला तिने मारलं असतं तर बरं वाटलं असतं. मी तिच्या पायाशी, त्या मोडक्या गुडघ्यांवर, खाली बसलो आणि लहान पोरासारखा रडलो. तिने मला उठवलं नाही. समजूतही काढली नाही. चार महिने माझं ताट वाढलं गेलं नाही. मी खानावळीत जेवलो आणि ते बरोबरच होतं.

ह्या गोष्टीला सहा वर्षं झाली. मी निवृत्त झालो, तोफेची बदली झाली, पण वाढदिवसाला सगळी नावं संपली की शेवटी भोवऱ्याचं नाव वाचतात आणि मी उठून तोच शब्द म्हणतो. आता पोरांना वाटतं, हे पहिल्यापासून असंच आहे. नव्या रेक्टरांनी विचारलं, ही परंपरा कधीपासूनची? म्हटलं, माझ्या चुकीपासूनची. त्यांना वाटलं मी विनोद करतोय.

ताई दरवर्षी पहिल्या रांगेत असते. मी शब्द म्हणेपर्यंत ती श्वास धरून ठेवते, हे मला पाठीमागूनही दिसतं. यंदा कार्यक्रम झाल्यावर मी तिला म्हटलं, “ताई, माझं वय झालं. उद्या माझंच नाव त्या पुस्तकात चढेल. मग त्याच्या नावाला कोण उठणार?”

ती माझ्या कोटाच्या बाहीचं बटण शिवत होती. “तुझ्या नावाला मी हजर म्हणेन,” ती म्हणाली. “आणि तो काय, तोवर येईलच की.”

तिने दाताने दोरा तोडला आणि कोट माझ्या हातात दिला.