देवीच्या नावची तांबडी

आकाराम पलटणीबरोबर ब्रह्मदेशाकडे गेला, त्याच दिवशी त्याच्या आईनं, मनुबाईनं, तांबडी कोंबडी गावदेवीच्या नावानं सोडली. पायात हळदीचा दोरा बांधला आणि सुनेला बजावलं, "चंद्रे, लेक घरी येस्तवर हिला कुणी हात लावायचा न्हाई." तेव्हापासून तिचं खुराडंसुद्धा कुणी हलवलं नव्हतं. शिराळ्यातल्या त्या घराला आकारामची खुशाली दोनच गोष्टी सांगायच्या, एक त्याचं पत्र आणि दुसरी तांबडी. पत्र येऊन अडीच महिने झाले होते. आणि आता तांबडी वाळत चालली होती.

चंद्राबाईच्या ते आधी ध्यानात आलं. मांडीवर लेकीला पाजता पाजता तिची नजर अंगणातच असायची. कोंबडी खायची मूठमूठ, पण पंख गळालेले, तुरा पांढुरका, शेपटाखाली सगळं लडबडलेलं. मनुबाईनं अंगारा लावला, लिंबू उतरून टाकलं. "आई, माझं काय चुकलं ते सांग, पर लेकाला सांभाळ," ती देवळाकडे तोंड करून म्हणाली.

त्या आठवड्यात वावरात खतासाठी आटपाडीकडची मेंढरं बसवली होती. मेंढक्यांतली दगडाबाई ताक मागायला आली ती अंगणातच थबकली.

"लय वाळलीया की गं ही. छातीचं हाड चाचपलंस का?"

"देवीची हाय. हात लावायचा न्हाई."

"मग काय, देवी खाली उतरून चाचपणार व्हय?" दगडाबाईनं हसत काडीनं शीट उकरली. दोऱ्याएवढा पांढरा जंत वळवळला. "हे बघ. तू कितीबी दाणं टाक, खाणार ह्येच. पळसाचं बी भिजवून साल काढ, वाट, आन् सकाळी उपाशीपोटी चिमूटभर ताकातनं पाज. खुराडं झाडून राख टाक, न्हाईतर परत व्हतील. जास्ती देऊ नगंस मातुर, मरंल."

मरंल! न द्यावं तरी मरंल, आणि देऊन मेली तर? आकारामला काही झालं, तर सुनेनं हात लावला म्हणूनच झालं, असंच सगळे म्हणणार.

दुसऱ्या दिवशी मनुबाई देवळात गेली तशी चंद्राबाईनं तांबडीला उचललं. छातीचं हाड कोयत्याच्या धारेसारखं हाताला लागलं. रोज लेकराचं अंग चोळणारा तिचा हात चरकला. लेकीला घुटी पाजायचं बोंडलं घेऊन तिनं रात्री भिजवून वाटून ठेवलेलं पळसाचं बी ताकातनं थेंबथेंब चोचीत सोडलं.

मनुबाई परतली तेव्हा चोचीला ताक लागलेलं होतं.

"हात लावलास?"

"व्हय, आत्याबाई."

मनुबाई पाठ फिरवून उंबऱ्यावर जाऊन बसली. दुपारभर तांबडी डोळे मिटून कोपऱ्यात, आणि दोघी बाया दोन उंबऱ्यांवर. लेक रडत होती, पण चंद्राबाईला पान्हाच फुटेना.

उन्हं कलल्यावर तांबडी उठली, थरथरली. खाली जंतांचा गुंताच्या गुंता पडला. चंद्राबाईनं धावत जाऊन वर राख टाकली. तांबडी दोन पावलं चालली आणि मातीत चोच मारू लागली.

मनुबाई जवळ आली. फतकल मारून बसली. दोरा बांधल्यापासून पहिल्यांदाच तिनं कोंबडी मांडीवर घेतली, पिसांत बोटं घालून छाती चाचपली. बराच वेळ चाचपत राहिली.

"किती सुकलीया गं," ती पुटपुटली. ते कोंबडीला होतं की आणखी कुणाला, चंद्राबाईनं विचारलं नाही.

"मेंढरं वावरातनं उठायच्या आत जा," मनुबाई म्हणाली, "आन् त्या बाईला इचारून ये, परत कवा पाजायचं."