आखूड कॉइल

मावशीने हीटर दुकानाच्या फळीवर आदळला आणि धापा टाकत म्हणाली, "प्लग तेवढा बदल रे डॉक्टर. आमच्या बाईसाहेबांनी जाळून ठेवलाय."

तो काही खरा डॉक्टर नव्हता. मेलेले पंखे आणि इस्त्र्या जिवंत करायचा, म्हणून गल्लीने परीक्षा न घेताच त्याला ही पदवी देऊन टाकली होती. त्यानेही ती आनंदाने घेतली होती.

बाईसाहेब म्हणजे मावशीची सून, त्याची वहिनी. "दिवसभर चालू ठेवते, दर हिवाळ्यात हिच्याच हातून बिघडतो," मावशी सांगत होती. "काल वितळलेला प्लग ओढायला गेली आणि तळहात भाजून घेतला. धांदरट नुसती! तुझ्या कामाला मात्र तोड नाही बघ. दर वेळी तू हात लावलास की हा मेला पहिल्यापेक्षा जास्त तापतो. तुझ्या हाताला गुण आहे."

एरवी या वाक्याने त्याच्या अंगावर मूठभर मांस चढायचं. आज तो हीटर उलटा करून पाहू लागला. हीटर जास्त का तापतो, ते त्याला ठाऊक होतं.

मावशी गेल्यावर त्याने नवा प्लग बसवला, हीटर लावला आणि मीटर जोडला. दाब दोनशे तीस व्होल्ट, प्रवाह साडेसहा अँपिअर. समोरच्या खोक्याचं झाकण फाडून त्याने पुठ्ठ्यावर गणित मांडलं. दोनशे तीस भागिले साडेसहा, म्हणजे रोध पस्तीस ओहम. दोनशे तीस गुणिले साडेसहा, म्हणजे जवळजवळ दीड हजार वॉट. हीटरच्या पाठीवर कारखान्याने स्पष्ट छापलं होतं, एक हजार. हजार वॉटला रोध त्रेपन्न ओहम हवा आणि प्रवाह साडेचारच्याही आत.

मधले अठरा ओहम त्यानेच कापून टाकले होते. तीन हिवाळ्यांत कॉइल तीनदा तुटली. नवी आणायची तर दिवसभर थांबावं लागलं असतं आणि मावशीचे गुडघे थांबायला तयार नसत. मग जळका तुकडा कापायचा, उरलेली तार ताणून जोडायची, पाच मिनिटांत काम. तार आखूड झाली की रोध घटतो, प्रवाह वाढतो आणि हीटर जोरात तापतो. मावशीने पहिल्यांदा गल्लीभर कौतुक केलं, तेव्हा तो मूग गिळून बसला. नंतर त्याला त्या कौतुकाची चटकच लागली. आता पाच अँपिअरच्या बिचाऱ्या प्लगमधून साडेसहा धावत होते, आणि प्रवाह दीडपट झाला तरी प्लगच्या जोडाशी होणारी उष्णता दुपटीच्याही वर गेली होती. त्याला स्वतःची शरम वाटली.

दुसऱ्या दिवशी दुपारी नवी कॉइल आणि पुठ्ठा खिशात घालून, हीटर उचलून तो मावशीकडे गेला. वहिनी मोरीत डाव्या हाताने भांडी घासत होती. उजव्याला फडकं गुंडाळलेलं.

"मावशी, प्लग माझ्यामुळे जळला," त्याने उभ्याउभ्याच सांगून टाकलं. "वहिनीचा काही दोष नाही." आणि पुठ्ठा पुढे करून भागाकार, गुणाकार, सगळं समजावलं.

मावशीने पुठ्ठा उलटा धरून पाहिला. "लहानपणापासून तू असाच. दुसऱ्याचं खापर आपल्या डोक्यावर घ्यायचं. हिची बाजू घ्यायला आलायस ना? किती मोठं मन रे तुझं!"

मोरीतला भांड्यांचा आवाज क्षणभर थांबला आणि पुन्हा सुरू झाला.

एवढं मोठं मन त्याला सहन होईना. त्याने हीटर भिंतीशी ठेवला, सुरू केला आणि मावशीला खुर्ची दिली. वीस मिनिटं दोघं तापत्या हीटरसमोर बसली. मग तो म्हणाला, "आता प्लगला बोट लाव. कालच नवा घातलाय. वहिनीने याला अजून पाहिलंसुद्धा नाही."

मावशीने बोट लावलं आणि "अगं आई गं!" करत झटक्यात मागे घेतलं.

त्याने हीटर बंद करून निवू दिला, नवी कॉइल बसवली आणि पुन्हा वीस मिनिटं थांबला. या वेळी मावशी प्लगला नुसतं बोट लावून थांबली नाही, चांगली मूठ धरून बसली. प्लग कोमट होता.

"ऊब कमी आहे," ती पुटपुटली.

"पहिल्या वर्षी एवढीच होती, मावशी."

मावशी उठली, मोरीपाशी गेली आणि वहिनीच्या हातातलं पातेलं काढून घेतलं. "ठेव ते. बस जरा," एवढंच म्हणाली. माफी मागायची तिला सवय नव्हती, पण उरलेली भांडी तिने स्वतः घासली. त्याच्याकडे मात्र वळून पाहिलं नाही.

त्याला हलकं वाटलं. सगळं सांगून टाकलं, असं मनाला बजावत तो चपला घालू लागला. वहिनी पुठ्ठा घेऊन दारापर्यंत आली. तिने गणित वरपासून खालपर्यंत नीट वाचलं. तिला ते कळत होतं.

"भावोजी, हे काल मांडलंत?"

"हो."

"आणि पहिल्यांदा तार कापलीत तेव्हा? तेव्हा माहीत नव्हतं?"

खोटं बोलायला जागा होती. माहीत नव्हतं म्हटलं असतं, तर तिने विश्वासही ठेवला असता. त्याने तिच्या हाताच्या फडक्याकडे पाहिलं.

"माहीत होतं."

वहिनीने पुठ्ठा त्याला परत दिला, डाव्या हाताने. "तीन वर्षं मी बोलणी खातेय," ती म्हणाली, आणि भांडी पुसायला आत गेली.